पर्सेफोनीला पळवूनच नेलं होतं, मग तिची लव्हस्टोरी लिहायची तरी कशी?

अर्धवट_वही

नमस्कार मंडळी, धागा लांबलाय, चहा घेऊन बसा.

गेलं वर्षभर मी एक कादंबरी लिहितेय, मराठीत, पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी. विषय ग्रीक पुराणातले पर्सेफोनी आणि हेडीस. ती धान्याच्या देवीची, डीमीटरची, मुलगी आणि तो मेलेल्यांच्या जगाचा राजा. इंग्रजीत या जोडीवर रोमँटिक पुस्तकांचा नुसता पूर आलाय, माझी अकरावीतली भाची ती रात्र रात्र मोबाईलवर वाचते आणि सकाळी क्लासला डुलक्या काढते. तिला विचारलं मराठीत लिहिलं तर वाचशील का, तर म्हणाली, "मावशी, बोअर नसेल तर."

माझ्या गोष्टीत तिला कोणी पळवत नाही. आईच्या सततच्या पहाऱ्याला कंटाळून ती स्वतःच खाली उतरून जाते आणि मग हळूहळू दोघांचं जमतं. अकरा प्रकरणं झाली, भाचीने दोन रात्रीत संपवली. मग एका ओळखीच्या संपादक बाईंना दिली तर त्यांनी पहिल्याच पानावर समासात पेन्सिलीने लिहिलंय, "अहो, पण हे अपहरण होतं ना? ते कुठे गेलं?" बास. तेव्हापासून बारावं प्रकरण अडकलंय.

मी कुठेतरी वाचलं होतं की सगळ्यात जुन्या कथेत ती मर्जीनेच जाते आणि पळवण्याचा भाग नंतर घुसडलाय. खरंय का हे? आणि दुसरं दुखणं म्हणजे संवाद. हेडीसने तोंड उघडलं की संगीत नाटकातला राजा बोलायला लागतो, काय करू?

खडूस_वाचक

ती "मर्जीने गेली" वाली सगळ्यात जुनी कथा म्हणून जे नेटवर फिरतं ते जुनंबिनं काही नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोणीतरी नव्याने सांगितलेली गोष्ट आहे ती. प्राचीन ग्रीक किंवा लॅटिन मजकुरात तसं कुठेही नाही, तेव्हा तो आधार सोडून द्या.

हातात आहे ती सगळ्यात जुनी सविस्तर कथा म्हणजे डीमीटरचं होमरिक स्तोत्र, साधारण इसवी सनपूर्व सातवं-सहावं शतक, ४९५ ओळी. एका बैठकीत वाचून होतं. वाचलंय का तुम्ही? विचारतोय कारण तुमची कादंबरी त्यातच पडलीय. मुलगी मैत्रिणींबरोबर फुलं तोडतेय, गुलाब, केशर, आयरिस, आणि मध्येच एक नर्गिस, एका मुळाला शंभर फुलं, जो मुद्दाम तिला भुलवायला उगवलाय. ती दोन्ही हात पुढे करते आणि जमीन फाटते. ती किंचाळते आणि हाक मारते ती बापाला, झ्यूसला, आणि गंमत बघा, तिला देऊन टाकलेलं असतं त्यानेच. आपल्या भाषेत सांगायचं तर देवांचा राजा झ्यूसने आपल्या भावाला, हेडीसला, मुलगी "दिली", फक्त मुलीला आणि तिच्या आईला सांगायचं राहिलं. ती हाक कोणाला ऐकू गेली नाही, कवी म्हणतो ऑलिव्हच्या झाडांनाही नाही. ऐकली फक्त गुहेतल्या हेकाटी नावाच्या देवीने आणि सूर्याने, आणि शेवटी आईने.

आता डाळिंब. निवेदक म्हणतो हेडीसने इकडेतिकडे बघत गुपचूप एक दाणा तिला दिला. पुढे तीच आईला सांगते तेव्हा म्हणते, मला बळजबरीने खायला लावला. एकाच स्तोत्रात दोन साक्षी! यातली खरी कोणती, की आईसमोर उभं राहिल्यावर मुलीने थोडं बदलून सांगितलं? कादंबरी लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे राव.

रोमान्स जो घुसतो तो रोमनांकडून. रोमन कवी ओव्हिडने इसवी सन ८ च्या सुमारास लिहिताना प्रेमदेवी व्हीनसच्या सांगण्यावरून मदनाचा बाण हेडीसला मारवला, म्हणजे बिचारा प्रेमात पडला म्हणून पळवलं. आणि त्याच्या गोष्टीत ती बागेत फिरताना स्वतःच डाळिंब तोडून सात दाणे खाते. ग्रीक स्तोत्र मध्ये कित्येक शतकं हरवलेलं होतं, त्याचं हस्तलिखित १७७७ साली मॉस्कोत सापडलं. त्यामुळे तोवर युरोपातल्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी जे काढलं ते बरंचसं ओव्हिडवरून.

चुलीपुढची_गप्प

मला ग्रीक वगैरे काही कळत नाही पण एकच सांगते, आईला व्हिलन करू नकोस गं. सगळ्या नव्या पुस्तकांत हेच चाललंय, मुलाला चांगला दाखवायचा म्हणून आई संशयी, आई गळा दाबणारी. माझ्या लेकीने एक वाचायला दिलं होतं, अर्ध्यात ठेवलं मी.

खडूस_वाचक

+१००. ते स्तोत्र मुळात आईचंच आहे. नऊ दिवस हातात मशाली घेऊन फिरते, अन्न नाही, अंघोळ नाही. दहाव्या दिवशी सूर्याकडून कळतं आणि वर तो तिलाच समजावतो की जावई काही वाईट नाही, तुझाच सख्खा भाऊ आहे, केवढं मोठं राज्य आहे त्याचं. हे वाक्य कुठल्याही लग्नघरात ऐकू येतं! मग ती म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस नावाच्या गावातल्या विहिरीपाशी जाऊन बसते, परक्याच्या घरी मूल सांभाळायला राहते, आणि पुढे जगभर धान्य उगवणंच बंद करते तेव्हा कुठे झ्यूसला जाग येते.

अर्धवट_वही

पकडली गेले. माझी डीमीटर संध्याकाळच्या सिरियलमधल्या सासूसारखी झालीय, फक्त आई असून. खरं सांगू का, लिहिताना माझ्याच आईशी झालेली भांडणं त्यात ओतत होते. सहावं प्रकरण अख्खं तेच आहे.

स्तोत्र काल रात्री वाचलं. ऑलिव्हच्या झाडांपाशी थांबले बराच वेळ.

शंख_शिंपले

अहो पण एक बेसिक शंका. झ्यूस, डीमीटर आणि हेडीस तिघं सख्खी भावंडं ना? म्हणजे हेडीस तिचा काकाही झाला आणि मामाही! पत्रिका जुळवायला गुरुजींकडे गेलात तर ते वहीच मिटतील 😀 आणि नायिका अठराच्या वरची दाखवा बरं का, नाहीतर पॉक्सो लागेल.

दगडी_पाटी

हसण्यावारी नेऊ नका, वयाचा मुद्दा खरंच गाभ्याचा आहे. त्या काळी ग्रीसमध्ये मुलीचं लग्न साधारण चौदा-पंधराव्या वर्षी आणि नवरा तिशीतला, ठरवणार बाप, तिला कोण विचारतं. त्यामुळे लग्न आणि मरण या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात चिकटलेल्या होत्या. पर्सेफोनीचं दुसरं नाव कोरी, म्हणजे नुसतं "मुलगी".

दोन वर्षांपूर्वी अथेन्सला गेलो होतो, तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात फ्रासिक्लेइया नावाच्या मुलीचा पुतळा आहे, इसवी सनपूर्व ५४० च्या आसपासचा, १९७२ साली अ‍ॅटिकात, म्हणजे अथेन्सच्या परिसरात, जमिनीखालून निघालेला. लग्नाआधी वारलेली मुलगी. पूर्ण नटवलेली, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात छातीपाशी धरलेली एक कमळाची कळी, न उमललेली. खाली कोरलंय त्याचा अर्थ असा की मला कायम कुमारीच म्हणतील, लग्नाच्या जागी देवांनी मला हे नाव दिलं. आमचा ग्रुप पुढे निघून गेला आणि मी तिथेच, मग गाइडचा फोन.

पण आता उलट बाजू, कारण इथे सगळे धागाकर्तीला नुसतं झोडपतायत. दक्षिण इटलीत लोक्री नावाचं ग्रीक वसाहतीचं गाव होतं. तिथल्या पर्सेफोनीच्या देवळात लोकांनी भाजलेल्या मातीच्या छोट्या पाट्या वाहिलेल्या सापडल्यात, इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, बऱ्याचशा आता रेज्जो कालाब्रियाच्या संग्रहालयात आहेत. त्यातल्या काहींवर रथात घालून पळवणं आहे आणि काहींवर दोघं सिंहासनावर शेजारी शेजारी बसलेत, तिच्या हातात कोंबडा आणि धान्याची कणसं, अगदी यजमानीणबाईच्या थाटात. तिथे ती लग्नाची देवी होती, लग्न ठरलेल्या मुली तिच्याकडे जायच्या. म्हणजे पळवून नेलेली पोर आणि राज्य करणारी राणी, दोन्ही एकाच देवळात, अडीच हजार वर्षांपूर्वी. तुम्ही लिहिताय ते पाप वगैरे नाही. फक्त पहिली पाटी फोडून दुसरी लावू नका.

तिखट_मीठ

एक विचारू का, आपल्याकडे एवढं पडलेलं असताना ग्रीसला कशाला जायचं? हरणंच पाहिजेत तर रुक्मिणी आहे, सुभद्रा आहे. पण मराठी पोरांना हेडीस पाहिजे!

कडक_इस्त्री

तिखट_मीठ, खोचक बोललात पण मुद्दा नेमका सापडला तुम्हाला. रुक्मिणी आणि सुभद्रा, दोन्ही हरणंच, पण गोष्टी एक नाहीत. रुक्मिणी भागवतात सात श्लोकांचं पत्र लिहून ब्राह्मणाच्या हाती पाठवते, कुठे यायचं, कधी यायचं, देवीच्या देवळाबाहेर पडेन तेव्हा घेऊन जा, सगळा प्लॅन तिचा. कृष्ण फक्त रथ घेऊन येतो. सुभद्रेच्या वेळी महाभारतात कृष्णच अर्जुनाला सांगतो की स्वयंवरात बायका काय करतील नेम नाही, तू उचलूनच ने. तिला विचारलं असं कुठे येत नाही. तरी आपण दोन्हींच्या गोष्टी सारख्याच कौतुकाने सांगतो.

पर्सेफोनीकडे पत्र नाही, नुसती किंकाळी आहे. धागाकर्तीने तिच्या हातात परस्पर पत्र दिलं आणि किंकाळी खोडली, संपादक बाईंना खटकलं ते हेच असणार.

बाकी ग्रीसला का जायचं याचं उत्तर सोपं, पोरं आधीच तिथे पोचलीयत.

खिडकीजवळची_सीट

मी संवादांबद्दल लिहिते, तो प्रश्न सगळे विसरले. मी पंधरा वर्षं अनुवाद करतेय.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना "यू" म्हटलं की काम संपतं. आपल्याला पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं, तू, तुम्ही की आपण? हे अडचण म्हणून बघू नकोस, लॉटरी लागलीय तुला. तो तिला पहिल्या दिवसापासून "तू" म्हणतो, वयाने मोठा, राजा, काका, मामा, सगळंच. ती त्याला "तुम्ही". मग एक दिवस भर दरबारात, मेलेल्यांची रांग लागलेली असताना, तो तिला पहिल्यांदा "तुम्ही सांगा, काय करायचं याचं" असं म्हणतो. आणि त्यानंतर कधीतरी, दोघंच असताना, तिच्या तोंडून "तू" निघतं. झाली की लव्हस्टोरी! चुंबनबिंबन नंतर बघू.

आणि तो "हे सुंदरी" मोड येतो कारण तू त्याला विशेषणं देतेस. कमी बोलणारा माणूस आहे तो. गावाकडे असतो ना एखादा थोरला काका, जेवताना फक्त "मीठ" म्हणतो, तसा बोलू दे.

जागेचं नाव काय ठेवलंयस? "मृत्युलोक" लिहिलं असशील तर आत्ताच काढ, आपल्याकडे मृत्युलोक म्हणजे ही पृथ्वी, आपण राहतो ती. यमलोक म्हटलं की रेडा आणि चित्रगुप्त हजर. नरक म्हणजे शिक्षा, पण तिथे तर बरे-वाईट सगळेच जातात. पाताळात आपला बळीराजा बसलाय. ग्रीक लोक मेलेल्या माणसाबद्दल "हेडीसच्या घरी गेला" असंच म्हणायचे. तेच घे, "हेडीसचं घर". मग मराठी वाचकाला न सांगता कळतं की हे सासर आहे. वर्षाचे चार महिने सासरी आणि आठ महिने माहेरी, स्तोत्रातला हिशोब हाच आहे ना, एक तृतीयांश खाली आणि बाकी वर? ओव्हिडने सहा-सहा केले. जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यांना ग्रीक न येता ही गोष्ट पाठ होती.

अर्धवट_वही

खिडकीजवळची_सीट ताई, मी खरोखर "मृत्युलोक" लिहिलं होतं. शोधून बदललं, एकूण ६३ ठिकाणी 🙈

तर आता ठरलंय ते असं. पहिलं प्रकरण पूर्ण नव्याने. जमीन फाटणार, ती किंचाळणार, आणि बापालाच हाक मारणार. त्यानंतर निदान तीन प्रकरणं हेडीस आवडायचा नाही, तिलाही नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. प्रेम झालंच तर तिला परत जायची वाट मोकळी झाल्यावर होईल, त्याआधी नाही. डीमीटरचं सहावं प्रकरण फाडलं, आता ते तिच्याच तोंडून, एल्युसिसच्या विहिरीपाशी बसून. आईला फोन केला काल, तासभर. कादंबरीबद्दल काही बोलले नाही, लोणच्याबद्दल बोललो.

डाळिंब मात्र अजून अडलंय. त्याने दिलं असं लिहू, त्याने कोंबलं असं, की तिने तोडलं? भाचीला तिन्ही सांगितली. ती म्हणाली, "मावशी, ती आईला एक सांगेल आणि मैत्रिणीला दुसरं, त्यात काय एवढं." मैत्रिणीचं पात्रच नाहीये माझ्याकडे. फुलं तोडताना ज्या बरोबर होत्या त्यांचं पुढे काय होतं, कोणाला माहितीय का?

खडूस_वाचक

ओव्हिड म्हणतो, त्यांना तिला शोधायला पंख हवे होते, म्हणून त्या सायरन नावाच्या पक्षीकन्या झाल्या. अर्धं अंग पक्ष्याचं, तोंड मुलीचंच राहिलं, आवाजही. घ्या, बारावं प्रकरण.