पान मोडकं असलं तरी उघडू द्या!

सहकारनगरकर: आमच्या सोसायटीचा देखभाल-हिशेब साइटवर असतो. आईच्या मोबाइलवर ती उघडेना. ब्राउझर म्हणे कनेक्शन खाजगी नाही. 'तरीही पुढे जा' हा पर्यायसुद्धा नाही. साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत साइटवाल्यांनी संपू दिली आणि शिक्षा आईला! टीसीपी म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवायचे नियम; त्याच्या १९८१च्या दस्तऐवजात संपादक जॉन पोस्टेल यांनी तत्त्व मांडलंय: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. एक्सएचटीएमएल या वेबपानं लिहायच्या कडक भाषेने उलटं केलं. एक टॅग, म्हणजे पानातली खूण, बंद करायचा राहिला की फायरफॉक्स ब्राउझर पिवळी एरर दाखवायचा. पुढे एचटीएमएल५ या नव्या आवृत्तीने चुकलेले टॅग कसे सांभाळायचे तेच नियमात लिहिलं आणि वेब त्यावरच चाललं.

धायरीफाटा: चुकलेला टॅग आणि संपलेलं सर्टिफिकेट एका मापाने मोजू नका. पहिल्यात पान वाकडं दिसतं. दुसऱ्यात समोरची साइट खरंच सोसायटीची आहे का, याचीच खात्री राहत नाही. स्वारगेटला कुणाच्याही फुकट वायफायवर फोन जोडणारे आपण! शिवाय पुढे जायची वाट बहुधा साइटनेच बंद केलीय. साइटने एचएसटीएस, म्हणजे 'मला सुरक्षित कनेक्शननेच उघडा' हा आदेश, सुरू केला की ब्राउझर ती देत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सर्टिफिकेट फुकट देते, नूतनीकरणही आपोआप करता येतं. मग आळस कुणाचा?

जुनी_कात्रणं: उदारपणाची किंमत मराठी वाचकाने मोजलीय हो. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. तरी मराठी साइट्स कितीतरी वर्षं इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या आपापल्या फाँटवर चालल्या, कारण इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर ईओटी प्रकारचा फाँट साइटवरून उतरवून घ्यायचा आणि पान छान दिसायचं. बदलायची गरजच वाटली नाही कुणाला. इतर ब्राउझरांनी ईओटी घेतला नाही. आता ती पानं मोबाइलवर उघडा: इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. शोधून एक बातमी सापडत नाही. माझा जीव तुटतो. तेव्हाच कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं.

सहकारनगरकर: फाँटचं शंभर टक्के मान्य. पण लेट्स एन्क्रिप्ट ज्यावर विसंबून होतं ते जुनं मूळ सर्टिफिकेट (फोनमध्ये आधीच असतं, त्यावरून बाकीची तपासली जातात) ३० सप्टेंबर २०२१ला संपलं, तेव्हा आयओएस १०च्या आधीच्या आयफोनवर धडधाकट साइट्सही अडकल्या. त्यात आळस कुणाचा होता? दरवेळी नवा फोन कुठून आणायचा?

धायरीफाटा: जुन्या फोनवाल्यांचं दुखणं खरं आहे, कंपन्यांनी मूळ सर्टिफिकेटं तरी पोचवायला हवीत. पण तेवढ्यासाठी कुलूप सैल करू नका. सोसायटीच्या सचिवांना आजच फोन करा.

सहकारनगरकर: करतो. पण पासवर्ड न मागणारं, नुसतं वाचायचं पान इशारा देऊन उघडावं, यावर मी ठाम आहे.

धायरीफाटा: नुसत्या वाचायच्या पानावर बँकेचा खाते क्रमांकही असतो. तोच मध्ये कुणी बदलला तर?