मदत हवी आहे: ‘अड्रॉइट’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

जीआरईच्या शब्दयादीत ‘अड्रॉइट’ आहे. कोशात कुशल, निपुण, तरबेज असं सगळंच दिलंय. मग ‘डेफ्ट’ आणि ‘अडेप्ट’पेक्षा हा वेगळा कसा? पुढे ‘ॲट’ लावायचं की ‘इन’? ‘शी इज अड्रॉइट इन हिस्टरी’ चालेल का? व्युत्पत्ती कळली तर लक्षातही राहील.

पाटीपेन्सिल:
इतिहासाचं वाक्य खटकतं. अड्रॉइटमध्ये व्यासंग नाही, ऐन वेळची हाताळणी आहे. मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘शिताफी’. मंत्र्यांनी अडचणीचा प्रश्न शिताफीने टाळला, तिथे ‘अड्रॉइटली’ चपखल बसतो. ‘निपुणतेने टाळला’ म्हटलं की मजा गेली.

डेफ्टमध्ये भर हलक्या, सफाईदार हालचालीवर. मोदकाच्या कळ्या पाडणारी बोटं डेफ्ट. अबोला धरलेल्या दोन जावांना एका पंगतीत बसवणारी सासू अड्रॉइट. (हाताच्या कौशल्यालाही अड्रॉइट म्हणतात, पण हल्ली तो जास्त दिसतो तो माणसं नि प्रसंग हाताळण्यासाठी.) अडेप्ट म्हणजे सरावाने तयार झालेला.

‘ॲट’ आणि ‘इन’ दोन्ही चालतात. पुढे आयएनजीवालं रूप असेल तर ‘ॲट’ बरं: ‘अड्रॉइट ॲट हँडलिंग क्वेश्चन्स’. उच्चारात जोर ‘ड्रॉइट’वर.

डावखुरा:
शब्द फ्रेंचमधून 17व्या शतकात इंग्रजीत आला. ‘आ द्र्वा’ म्हणजे नीट, रीतसर. ‘द्र्वा’चं मूळ लॅटिन ‘दिरेक्टुस’, म्हणजे सरळ. याच ‘द्र्वा’ला फ्रेंचमध्ये पुढे ‘उजवा’ हाही अर्थ आला. त्यामुळे ‘अड्रॉइट म्हणजे मुळात उजव्या हाताचा’ हे स्पष्टीकरण अर्धंच खरं.

उजव्या हातातून थेट आलेला शब्द ‘डेक्स्टरस’, लॅटिन ‘डेक्स्टर’वरून. आपला ‘दक्षिण’ त्याचाच भाऊबंद: संस्कृतात त्याचे उजवा आणि कुशल असे दोन्ही अर्थ आहेत. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. आम्हा डावखुऱ्यांवर अन्याय सगळीकडे सारखाच. फ्रेंच ‘गोश’ म्हणजे डावा, इंग्रजीत तोच झाला चारचौघांत कसं वागावं ते न कळणारा. ‘ॲम्बिडेक्स्ट्रस’चा शब्दशः अर्थ तर ‘दोन्ही हात उजवे’! त्यापेक्षा सव्यसाची बरा. संस्कृतात सव्य म्हणजे डावा, निदान नावात तरी आहे.

धागाकर्ता:
धन्यवाद! मग विरुद्धार्थी ‘गोश’च लिहू?

पाटीपेन्सिल:
पर्यायांत ‘मॅलड्रॉइट’ असेल तर आधी तो. नसेल तर ‘इनेप्ट’ किंवा ‘क्लम्झी’. ‘गोश’ फक्त वागण्याबोलण्यातल्या अवघडलेपणापुरता.