मदत हवी आहे: मुलीला रिलिजियस स्टडीजमध्ये मेजर करायचंय
नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात असतो, मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला रिलिजियस स्टडीज मेजर (म्हणजे मुख्य विषय) म्हणून घ्यायचंय. नातेवाईक विचारतात आता कीर्तनकार होणार का, पण इथे धर्म शिकवत नाहीत, धर्माबद्दल शिकवतात, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या निकालात हाच फरक सांगितलाय, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसचा रिलिजियस स्टडीज विभाग त्यानंतर लगेच १९६४ मध्ये सुरू झाला. थिअरी-मेथडचा कोर्स, दोन-तीन परंपरा आणि शेवटी थीसिस, एवढं तिच्या कॉलेजच्या यादीवरून कळलं. तिला वारीवर लिहायचंय, आजीची तुळशीमाळ लॅपटॉपशेजारीच ठेवलेली असते. तर भाषेच्या अटीत मराठी धरतात का, की संस्कृतच लागतं? कुणाच्या मुलांनी केलं असेल तर प्लीज सांगा, फॉर्म याच महिन्यात भरायचाय.