वरचे आजोबा कबुतरांना दाणे घालतात, फ्लॅट घ्यावा का?

खिडकीतली_तुळस
मंडळी, रविवारी टोकन द्यायचं की नाही ते ठरवायचंय, म्हणून घाईने विचारतेय.

मुलुंड पूर्वेला वन बीएचके, रिसेल, चार मजली जुनी इमारत, दुसरा मजला. आईला चढवतील एवढेच जिने. एजंटने दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा दुपारी तीनला. घर मनात भरलं. परवा मात्र ऑफिसला जाता जाता मी एकटीच सकाळी सातला इमारतीखाली जाऊन उभी राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी ग्रिलमधून हात काढून छज्ज्यावर ज्वारी ओतली आणि बघता बघता कबुतरांनी ती खिडकी झाकून गेली. तो छज्जा म्हणजे आम्ही घेणार त्या बेडरूमच्या खिडकीवरचाच. मग नीट पाहिलं. एसीच्या बाहेरच्या युनिटवर पांढरट-हिरवा थर, कपड्यांच्या दोरीला अडकलेली पिसं, आणि सरकत्या काचेच्या फटीला आतून खाकी चिकटपट्टी. दुपारी तिथे पडदा ओढलेला होता. मला वाटलं, उन्हासाठी असेल.

आईला दमा आहे. कबुतरांपासून लांब राहा, त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुफ्फुसात जाऊन कायमची सूज धरू शकते, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण सहा महिन्यांत बजेटमध्ये बसणारं हे एकच घर मिळालंय. जाळी लावून भागेल का?

गोरेगावकर७२
जाळी चार वर्षांपूर्वी लावली. कबुतरं आत येत नाहीत, धूळ येते. वर दाणे पडत असतील तर ती जाळीलाच लटकतात, आणि बाहेरून ती साफ करायला माणूस मिळत नाही. आईंना दमा असेल तर जाळीच्या भरवशावर राहू नका.

माजी_सेक्रेटरी
अकरा वर्षं सोसायटीचं काम पाहिलंय. २०२५ मध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना बंद केला, उच्च न्यायालयानेही दाणे टाकणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, ५०० रुपये दंडाच्या पावत्या फाटल्या. पण घरच्या खिडकीतून टाकणाऱ्याच्या मागे सोसायटीलाच लागावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला नोटीस द्यायला कमिटीतलं कुणी पुढे येत नाही. आमच्याकडे तीन नोटिसा गेल्या, दाणे सुरूच राहिले. या विषयावर आधी तक्रार झाली होती का, ते सेक्रेटरींना स्पष्ट विचारा. आणि जिन्यात चपलांचे स्टँड, जुनी कपाटं आहेत का तेही बघा. जिथे जिना मोकळा ठेवला जातो तिथे कमिटीचं ऐकतात, असा माझा अनुभव.

परळची_सून
सवयीसवयीत फरक असतो गं. आमच्या वरच्या काकू पाइपने गॅलरी धुवायच्या, सगळं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. पाच वर्षं मनात धुसफुसत राहिले. शेवटी जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, आधी सांगायचंस ना!" आता बुधवार-शनिवार नऊच्या आत धुतात. पण दाणे घालणारा ते पुण्य म्हणून घालतो. त्याला थांबवायला गेलीस तर त्याच्या लेखी तू पाप करतेयस. एकदा बोलून बघ, पण टोकन द्यायच्या आधी.

खिडकीतली_तुळस
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी वर जाऊन आले. आजोबांनी आत बोलावलं, पाणी दिलं. मी आईचं सांगितलं. ते म्हणाले, "बाळ, बत्तीस वर्षं घालतोय, आता मुक्या जिवांना उपाशी कसं ठेवू?" आवाजात जराही राग नव्हता. म्हणूनच कळलं की हे बंद होणार नाही.

उतरताना घरमालकांची बायको दारातच भेटली. चिकटपट्टीचं विचारलं. खाली बघत म्हणाली, "धाकट्याला रात्रभर खोकला येतो. दोन वर्षं ती खिडकी उघडलेलीच नाही."

टोकन देत नाहीये. आईला घर फार आवडलं होतं, तिला सांगताना जीवावर आलं. नाहूरला एक जागा आहे म्हणे. एजंट शनिवारी दुपारी दाखवणार आहे. मी उद्या सकाळी सातलाच जाऊन खालून बघून येते.