हार्मोनियमवरून कंडक्टिंगकडे: कोल्हापुरात राहून तयारी काय करता येईल?

रंकाळा_पट्टी
भाचा अकरावीला. हार्मोनियम तयार आहे, स्टाफ नोटेशन आत्ता कुठे वाचू लागलाय. ऑर्केस्ट्राचा कंडक्टर होऊन परदेशात जायचं म्हणतो. बारावीपर्यंत इथंच आहे, तोवर काय उरकावं? बॅटन (कंडक्टरची काठी) आणून व्हिडिओ कोर्स लावू का?

खर्जातला_पंचम
बॅटन राहू द्या, आधी पियानो. हार्मोनियमवाल्याचा डावा हात भात्यावर, त्यामुळे त्या हाताची बोटं कोरी आणि बास क्लेफ (खालच्या सुरांच्या ओळींची खूण) अनोळखी. ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) कीजचा डिजिटल पियानोच घ्या. साध्या कीबोर्डवर दाब कळत नाही.

मग स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेलं पान. पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरा. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या ओळीत सा लिहिला असेल तर ऐकू येतो खालचा कोमल नी. ए क्लॅरिनेटला खालचा शुद्ध ध, एफ हॉर्नला मंद्र शुद्ध म. पट्टी बदलून साथ करणाऱ्याला कल्पना नवी नाही, पण इथं तीन-चार पट्ट्या एकाच पानावर असतात, वर व्हायोलाचा आल्टो क्लेफ (मधल्या सुरांची खूण). थेट सिम्फनी उघडली की पोरं घाबरतात. हायडनच्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या) चार ओळी पियानोवर एकदम वाचता आल्या, की मग हॉर्न जोडा. जुने स्कोअर आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट आहेत.

तिहाई_०७
हाताबद्दल. आपल्याकडे हातानं ताल धरतात तो चालू लय मोजायला. कंडक्टरचा हात पुढं काय येणार ते आधी सांगतो. ताल धरायची सवय असलेला मुलगा आवाज ऐकून हात हलवतो, वादक त्या हाताकडे बघून वाजवतात, आणि लय मंदावत जाते.

बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी घ्या. मात्रा २/४, पण सुरुवात आठव्या भागाच्या विरामानं. एकच अपबीट (हात वर नेऊन दिलेला इशारा) द्यायचा, त्यातच वेग आणि जोर दोन्ही, आणि खाली आलेल्या ठोक्यानंतर वादक शिरतात. धीर न होऊन दोन ठोके मोजून दिले, की कुणीतरी पहिल्यावरच घुसतो.

मध्यलय
परदेशाचा रस्ता शिक्षण, स्पर्धा, सहायकपद असा जातो. मुंबईचे कंडक्टर झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्कींकडे शिकले, शिवाय डबल बास वाजवत. १९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, तिथं सहायक झाले. मग मॉन्ट्रियलचा ऑर्केस्ट्रा १९६१ ला, लॉस एंजेलिसचा १९६२ ला हाती आला. ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी उभं राहायची संधी त्यांना मिळाली, पण स्कोअर तयार होता म्हणून ती उपयोगी पडली. बझांसों (फ्रान्स), माल्को (कोपनहेगन), बामबर्गची (जर्मनी) माहलर स्पर्धा, ही स्पर्धांची नावं लक्षात ठेवा. वय साधारण पस्तिशीपर्यंत चालतं, त्यामुळे घाई नको. व्हिएन्ना डोक्यात असेल तर जर्मन आत्ताच लावा. तालीम भाषेवर चालते.

रंकाळा_पट्टी
कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा कुठला आणायचा? आणि अर्जाला व्हिडिओ लागतो म्हणे.

तिहाई_०७
युरोपातल्या कंडक्टिंगच्या वर्गातही बऱ्याचदा समोर दोन पियानोच असतात. दोन कीबोर्डवाले गाठा, सिम्फनीचं चार हातांचं रूपांतर छापून द्या. कॅमेरा वादकांच्या बाजूला, भाच्याच्या तोंडासमोर लावा. पाठीमागून घेतलेलं चित्रण कुणी बघत नाही. तालमीचा तुकडाही घ्या, न कापता.

मध्यलय
मुंबईच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वर्षाला दोन हंगाम असतात. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा, स्कोअर घरून वाचून न्या. बसायचं कंडक्टरचा चेहरा दिसेल अशा बाजूला.