बाळंतपणाला माहेरी गेलेल्या एचआयव्ही पॉझिटिव्ह ताईंचा फॉलोअप कसा ठेवता?

हडपसरची_ताई:
नमस्कार, पुण्यात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक म्हणून लागून मला आठ महिने झालेत. तपासणीचं काम जमतंय, नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईची टेस्ट होते, पॉझिटिव्ह आली की एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, पाठवतो, गोळ्या मोफत, लगेच सुरूही होतात. पण सातव्या महिन्यात सगळं अडतं. डोहाळजेवण झालं की बाई निघाली माहेरी, कोणी बीडला, कोणी लातूरला. नंबर असतो नवऱ्याचा, तो म्हणतो "ती गावाला आहे" आणि फोन ठेवून देतो. मागच्या महिन्यात एक पहिलटकरीण अशीच गेली, सासरी फक्त नवऱ्याला माहीत, माहेरी कुणालाच नाही. बाळ झालं एवढंच कळलं, कुठल्या दवाखान्यात झालं, बाळाला लागण टाळण्याचं सिरप मिळालं का, काहीच पत्ता नाही. रात्री डोळ्यासमोर तीच येते हो. तुम्ही अशा वेळी काय करता?

जुनी_समुपदेशक:
ताई, आधी एक सांगते म्हणजे जीव जरा शांत होईल. मी लागले तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापीन या एचआयव्हीच्या औषधाची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस, एवढंच होतं, त्यामुळे बाळंतपणाचा दिवस चुकला की सगळंच हातचं गेलं. 2014 पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला आयुष्यभराची एआरटी मिळते, म्हणजे ती रोज गोळी घेत असेल तर बाळाचं रक्षण पोटात असतानाच चालू असतं. काहीच उपचार नसले तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते, नीट उपचार आणि काळजी घेतली तर पाचाच्याही खाली येते. म्हणून जायच्या आधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी, करून घ्याच.
आणि माहेर कुठलं हे सातव्या महिन्यात नाही, पहिल्याच भेटीत विचारायचं. तालुका कुठला, बाळंतपण कुठे करायचं ठरलंय, तिच्या स्वतःच्या हातात कुठला फोन असतो. तिथलं एआरटी सेंटर शोधून तिथल्या समुपदेशकाला आपण स्वतः फोन करायचा, नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही, चिठ्ठी घरच्यांच्या हाती लागेल म्हणून बाया ती एसटीतच फाडून टाकतात. फोनवर काय बोलायचं तेही तिच्याशी आधी ठरवा, मी "लसीकरणाच्या मॅडम" म्हणून बोलते, दुसऱ्या कुणी उचलला तरी काही वाटत नाही.

लेकीची_आई:
मी तुमच्या टेबलापलीकडे बसलेली बाई. माझी पहिली खेप माहेरीच झाली. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात रिपोर्ट बघितला आणि म्हणाले आमच्याकडे सोय नाही, कळा चालू असताना जीपमध्ये घालून जिल्ह्याला पाठवलं, आईला कळेना की अचानक काय झालं आणि मला सांगता येईना. गोळ्या मी मेथीच्या डब्यात ठेवायचे आणि सगळे झोपले की घ्यायचे.
पण खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. आई सहाण घेऊन बसली, हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळलं, वर मध, बाळगुटी द्यायची म्हणून. आम्हाला तर सांगितलेलं की सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं काही म्हणजे काही नाही, दोन्ही मिसळलं की धोका वाढतो. आईला कारण काय सांगू? पुण्याच्या समुपदेशक ताईंनी मला एक वाक्य पाठ करून घेतलं होतं, "डॉक्टरांनी पाणीसुद्धा नको म्हणून सांगितलंय, बाळाचं पोट नाजूक आहे." तेच शंभरदा म्हटलं. आई चार दिवस रुसली पण गुटी टळली. अठराव्या महिन्यात लेकीचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता शाळेत जाते. तेव्हा ताई, बायांना नियम सांगाच पण घरी बोलायचं वाक्यसुद्धा द्या.

लेबररूम_सिस्टर:
वरच्या ताईंचं वाचून वाईट वाटलं. 2017 चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं त्यात बेकायदेशीर आहे आणि संमतीशिवाय कुणाला सांगणंही. 1097 वर मोफत फोन करून माहिती मिळते, हा नंबर पाठच करून घ्या त्यांच्याकडून.
बाळाच्या नेव्हिरापीन सिरपचा डोस जन्माच्या वजनावर ठरतो, साधारण सहा आठवडे रोज द्यायचं असतं, धोका जास्त असेल तर पुढेही. प्रसूती कुठेही झाली तरी सिरप त्याच दिवशी सुरू व्हायला हवं, म्हणून तिकडच्या सेंटरला तारीख आधीच कळवून ठेवा.

हडपसरची_ताई:
खूप आधार वाटला. त्या पहिलटकरणीच्या तालुक्यातल्या समुपदेशकांना आज फोन लावला, त्या तिथल्या आशा कार्यकर्तीला काही न सांगता नुसतं बाळंतपण कुठे झालं एवढंच विचारून बघते म्हणाल्या. अजून एक, सहा आठवड्यांच्या एचआयव्ही तपासणीला बाळ आणायला घरचे तयारच होत नाहीत, सव्वा महिना बाहेर काढायचं नाही म्हणतात.

लेबररूम_सिस्टर:
सव्वा महिना पाळू दे की! तो संपतो चाळिसाव्या दिवशी आणि टेस्ट असते दीड महिन्याला, त्याच वेळी पेंटाची पहिली लस असते आणि लसीला कुणी नाही म्हणत नाही. त्याच दिवशी टाचेतून रक्त घ्यायचं, थेंब ज्या कार्डावर घेतो त्यावरचे गोल रक्ताने पूर्ण भरले पाहिजेत आणि कार्ड सावलीतच वाळवायचं, उन्हात नाही, नाहीतर लॅब नमुना परत पाठवते आणि मग त्याच बाईला दुसऱ्यांदा बोलवायची वेळ येते. घरी फक्त लसीची तारीख सांगा.