झारच्या समितीने आयकॉनकलेचं भलं केलं का?

कुंचला:
1901 मध्ये झार दुसरा निकोलस याने रशियन आयकॉनकलेच्या, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेल्या ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पूज्य चित्रांच्या कलेच्या, रक्षणासाठी समिती नेमली. अध्यक्ष काउंट शेरेमेतेव, पण सगळी धडपड कलेतिहासकार निकोदिम कोंदाकोव यांची. व्लादिमीर प्रांतातल्या पालेख, म्स्त्योरा, खोलुई या गावांत ते आधीच फिरून आले होते. तिथे कितीतरी घरांची चूल आयकॉनवरच पेटे. एकाने चेहरे काढायचे, दुसऱ्याने वस्त्रं आणि डोंगर-इमारती. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले. मॉस्कोची झाको आणि बोनाकेर कंपनी पत्र्यावर रंगीत आयकॉन छापू लागली आणि या गावांच्या पोटावर पाय आला. समितीने शाळा काढल्या, छापील आयकॉनवर बंदीसाठी जोर लावला. माझ्या मते सरकारने हात घातला ते योग्यच केलं. हातांना काम उरलं नाही की विद्या पुढच्या पिढीकडे जात नाही.

सुमेधा:
अजिबात पटलं नाही. शेतकऱ्याने आपल्या घरातल्या पवित्र कोपऱ्यात काय लावायचं, ते पीटर्सबर्गच्या सरदारांनी का ठरवावं? त्याला पत्र्यावरचा आयकॉन परवडत होता आणि आवडतही होता. शिवाय बंदी टिकलीच नाही. टिकणार कशी? मठांच्या दुकानांतूनच छापील आयकॉन खपत होते.

कुंचला:
परवडण्याचं म्हणाल, तर खोलुईचे चित्रकार हाताने रंगवलेले स्वस्त आयकॉनच करत आणि फेरीवाले ते खेडोपाडी नेत. गरिबाची सोय यंत्र येण्याआधीपासून होती. बंदी फसली याचा दोष मात्र मी चर्चला देईन, समितीला नाही.

रेवती:
शाळांचं काय? तिथे परंपरेसोबत कला-अकादमीच्या, म्हणजे युरोपीय वळणाचं रेखाटन शिकवायचे. पिढीजात कारागिराला अडाणी समजून सुधारायला निघालेले लोक त्याची परंपरा राखतात, हे मला मान्य नाही. क्रांतीनंतर आयकॉनची मागणी संपली तेव्हा पालेखचे इवान गोलिकोव आणि त्यांचे सोबती आपल्याच हिकमतीवर उभे राहिले. 1924 मध्ये त्यांनी सहकारी मंडळ काढलं आणि कागदाच्या लगद्याच्या काळ्या लाखेरी पेट्यांवर तीच बारीक रेघ, तेच बलकातले रंग चालू ठेवले.

सुमेधा:
रेवती, अगदी बरोबर. कला कारागिरांनीच जगवली.

कुंचला:
कारागिरांचं श्रेय मी नाकारतच नाही. पण त्या पेट्यांवर संत नव्हते. घोडागाड्या, लोककथा, सुगीची दृश्यं होती. आयकॉन रंगवणं तर थांबलंच ना? आणि 1925 च्या पॅरिस प्रदर्शनात पालेखच्या पेट्या मांडल्या गेल्या त्या सोव्हिएत दालनात. राजाश्रय तिथेही होताच, फक्त राज्य बदललं होतं.